चेंडू फळीला चिकटतो तेव्हा

घोडबंदर रोडवरच्या संकुलांपासून खारघरच्या सेक्टरांपर्यंत, उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लिफ्टमधल्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेलं असतं: खेळता खेळता कोडिंग. पालकांना ते पटतं. मूल तसंही स्क्रीन सोडत नाही, निदान त्यातून काही शिकेल. उलट ज्युनिअर कॉलेजात किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवणारे बरेच जण याच वाक्याला नाक मुरडतात. त्यांच्या लेखी गेम म्हणजे टाइमपास आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे मूळ संख्या, फिबोनाची, ताऱ्यांचे त्रिकोण. गंमत अशी की दोघंही गेमकडे करमणूक म्हणूनच बघतात. एकाला ती आमिष म्हणून हवी, दुसऱ्याला ती वर्गात नको.

गेमचा खरा उपयोग निराळाच आहे. प्रोग्रॅम चुकला हे सांगायला तिथे सर किंवा मॅडम लागत नाहीत. सी भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये फॅक्टोरिअलचा, म्हणजे १ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम हमखास असतो. उत्तर साध्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायच्या नेहमीच्या प्रकारात) साठवलं आणि १३ हा आकडा दिला, की आजच्या बहुतेक मशिनवर १,९३,२०,५३,५०४ असं उत्तर येतं. खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७च्या वर काही मावत नाही, म्हणून वरचे बिट गळून पडतात. पण चुकीचं उत्तरही चांगलं दहा अंकी, भारदस्त दिसतं. ते जर्नलमध्ये जातं आणि त्यावर सही होते. तेराचं फॅक्टोरिअल कोणाला पाठ नसतं, त्यामुळे शंका येण्याचंच कारण नाही. आता चेंडू भिंतीतून आरपार गेला तर? ते सहावीतल्या मुलालाही कळतं. नियम आधीपासून माहीत असतो आणि तो मोडलेला समोर दिसतो.

ही कल्पना नवी नाही. १९६७मध्ये वॉली फॉयरझाइग, सीमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा मुलांसाठी केली. पुढे तिच्यात कासव आलं: पुढे जा, उजवीकडे वळ, मागे रेघ सोड. चौकोन काढताना ९०च्या जागी ८० अंश वळवलं तर चौकोन जुळत नाही आणि मूल स्वतः जमिनीवर चालून बघतं की कुठे कमी वळलो. चूक ही लाज न राहता शोधाची वस्तू होते. पायथॉन या भाषेत आज जे टर्टल मोड्यूल (तयार कोडचा संच) आपोआप मिळतं, ते याच कासवाचं वंशज. तेव्हा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्याआधीच कोडिंगचं नाव घेतलं, म्हणून आपल्याकडे काही अभूतपूर्व सुरू झालंय असं मानायचं कारण नाही.

पण हे मान्य केलं की काही गोष्टी ओघाने येतात आणि त्या क्लासवाल्यांना अडचणीच्या आहेत. चूक दिसण्यासाठी ती मुलाने स्वतः करायला हवी, म्हणजे गेम त्यानेच बनवायला हवा. गेमचे नियम त्याला कोड लिहिण्याआधी तोंडपाठ हवेत. आणि गेम इतका छोटा हवा, की चूक कुठल्या चार ओळींत आहे हे शोधता येईल.

खेळायचे 'कोडिंग गेम' या पहिल्याच चाळणीत अडकतात. रोबोटला बाण लावून घरी पोहोचवायचं, पाच ठोकळ्यांत कोडं सोडवायचं, जमलं की हिरवी खूण. यात उद्दिष्ट कोणी ठरवलं? अ‍ॅप बनवणाऱ्याने. समस्येचे तुकडे कोणी पाडले? त्यानेच. मुलाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या, आणि चुकण्याची काहीच किंमत नसल्याने चौथ्या-पाचव्या पातळीपासून ते सरळ धरसोड करत सुटतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला क्रम म्हणजे काय हे कळायला असे दोन-तीन तास पुरे आहेत. त्यापुढे तो एक बरा कोड्यांचा खेळ आहे, प्रोग्रॅमिंग नव्हे.

याचाच भाऊ म्हणजे आठ तासिकांत 'स्वतःचा गेम'. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या साधनातला तयार प्रकल्प उघडायचा, मांजरीच्या जागी नेरूळच्या खाडीतला फ्लेमिंगो आणायचा, मागे पाम बीच रोडचा फोटो लावायचा, आणि प्रमाणपत्र. हे पारखायला पालकाला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. मुलाला एवढंच सांगावं: या गेममध्ये तीन जीव दे, तिसरा गेला की सगळं थांबव. ज्याने गेम बनवलाय तो अर्ध्या तासात करून दाखवेल, निदान कुठे हात घालायचा ते सांगेल. ज्याने रंगवलाय तो क्लासच्या सरांना फोन लावेल.

स्क्रॅचला यात दोष नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, आणि पाचवी ते सातवीसाठी त्याहून चांगलं साधन आज तरी दिसत नाही. टायपिंग नाही, अर्धविराम विसरणं नाही. त्यातही शिकण्यासारख्या चुका भरपूर आहेत, फक्त त्या करू द्यायला हव्यात. सगळ्यात नेहमीची चूक अशी: शत्रूला गोळी लागली की 'लपव'चा ठोकळा चालतो, गेम संपतो, हिरवा झेंडा पुन्हा दाबला की शत्रू दिसतच नाही. मूल म्हणतं, स्क्रॅच बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. लपवलेलं चित्र पुन्हा 'दाखव' म्हणेपर्यंत लपलेलंच राहतं, गुण शून्य करेपर्यंत मागच्या डावाचेच राहतात. सुरुवातीची स्थिती आपणच मांडावी लागते, हा प्रोग्रॅमिंगचा पहिला मोठा धडा आहे, आणि तयार प्रकल्पात तो कोणीतरी आधीच गिळून टाकलेला असतो.

आठवीनंतर, आणि पहिल्या वर्षाला तर नक्कीच, टाइप करायची भाषा यायला हवी. त्यातही पहिला गेम हलणाऱ्या चित्रांचा नसावा, अक्षरांचा असावा. इथे उत्साही शिक्षक हमखास घसरतात. पहिल्याच तासाला खिडकी, रंग, की-बोर्ड, चित्र, आवाज सगळं एकदम येतं आणि मुलं फळ्यावरच्या साठ ओळी उतरवून घेतात. ते लेखन नव्हे, शुद्धलेखन झालं.

पहिला गेम आकडा ओळखण्याचा. कॉम्प्युटरने १ ते १००मधला आकडा मनात धरायचा, खेळणाऱ्याने अंदाज सांगायचा, कॉम्प्युटरने 'मोठा' किंवा 'छोटा' म्हणायचं. पायथॉनमध्ये पंधरा ओळी पुरतात आणि तेवढ्यातच तीन सुंदर चुका बसलेल्या असतात. आकडा निवडण्याची ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत गेली, तर दर अंदाजाला गुपित बदलतं: मघाशी ५० मोठा होता, आता ४० छोटा आणि ४५ पुन्हा छोटा, मग ४८ मोठा आणि ४६ही मोठाच, आणि ४७ सांगितल्यावर तोही छोटा. खेळणारा चिडतो आणि कॉम्प्युटर फसवतोय हे त्याला पुराव्यासह कळतं. दुसरी चूक, इनपुटने आलेली गोष्ट अक्षरं असतात, आकडा नव्हे. लहान-मोठं विचारलं तर पायथॉन तिथेच एरर देऊन थांबतो, पण 'बरोबर आहे का' एवढंच विचारलं तर निमूटपणे 'नाही' म्हणत राहतो. त्यातली दुसरी तऱ्हा जास्त घातक, कारण एरर नाही आणि कोणी जिंकतही नाही. तिसरी चूक म्हणजे १०० कधीच येत नाही: आकडा काढणाऱ्या रँडइंटमध्ये दोन्ही टोकं धरली जातात, आकड्यांची माळ देणाऱ्या रेंजमध्ये शेवटचं धरत नाहीत. हे सगळं जमलं की प्रश्न टाकायचा, किती अंदाजांत नक्की जिंकता येईल? सात. दर वेळी मधला आकडा विचारला तर सात वेळा निम्मं करून १२७पर्यंतचे आकडे संपतात. बायनरी सर्च हे नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

हाच गेम सीमध्ये केला तर आणखी एक चूक फुकट मिळते. कुठलाही आकडा काढून देणारं रँड आहे पण आधी एसरँडने बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलेलं नाही, तर दर वेळी प्रोग्रॅम चालवला की गुपित आकडा तोच. दुसऱ्यांदा खेळणारा पहिल्या फटक्यात जिंकतो. मग मुलं वेळेचं बीज देतात पण ती ओळ लूपमध्ये टाकतात, आणि एकाच सेकंदात काढलेली सगळी दानं सारखी येतात. हे पुस्तकातून समजावायला पान लागतं.

दुसरा गेम साप-शिडी, तोही बिनचित्रांचा. नियम आजीलाही माहीत. इथे यादी, फंक्शन आणि अटींचा क्रम या तिन्हींची कसोटी लागते. ९८ वर असताना ५ पडले तर काय? कोडात काही म्हटलेलं नसेल तर सोंगटी १०३ वर जाते, आणि १०१ जागांच्या यादीत १०३वं घर शोधताना प्रोग्रॅम कोसळतो. घरोघरी नियम वेगळे असतात: कोणाकडे अचूक दान लागतं, कोणाकडे उरलेलं मागे मोजतात. वर्गात यावर भांडण होऊ द्यावं. काय बनवायचं हे ठरल्याशिवाय बनवता येत नाही, हे कळायला याहून स्वस्त मार्ग नाही. पट छापायचा असेल तर आणखी एक मेवा आहे. १ ते १० डावीकडून उजवीकडे, ११ ते २० उजवीकडून डावीकडे. घराच्या आकड्यातून एक वजा करून दहाने भागलं की भागाकार ओळ देतो, बाकी रकाना देते, आणि ओळ विषम असेल तर रकाना ९ मधून वजा करायचा. ११ साठी ओळ १, बाकी ०, म्हणून रकाना ९, म्हणजे बरोबर १०च्या डोक्यावर. भागाकार-बाकीचा इतका देखणा वापर ताऱ्यांच्या त्रिकोणात सापडणार नाही.

शेवटी माणूस काढून टाकायचा आणि कॉम्प्युटरलाच हजार डाव खेळायला लावायचे. सगळे साप आणि शिड्या पुसल्या तर सरासरी सुमारे २९ दानं लागायला हवीत, कारण एका दानाची सरासरी साडेतीन. अचूक दानाचा नियम घातला की त्याहून काही जास्त. प्रोग्रॅम १५ म्हणाला तर कुठेतरी फासा दोनदा टाकला जातोय. उत्तराचा अंदाज आधी बांधून मग प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा, ही सवय इथे लागते. फॅक्टोरिअलवाल्या मुलाकडे नेमकी तीच नव्हती.

मग चित्रं. साधनाबद्दल एकदाच सांगून टाकू. इस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठातून आलेला थॉनी हा एडिटर बरा, कारण पायथॉन त्याच्यासोबतच येतो, एकेक पायरी चालवून दाखवतो आणि शेजारी व्हेरिएबलच्या किमती मांडतो. पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्तीही आहे, म्हणजे लॅब असिस्टंटकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत बसावं लागत नाही. चित्रांसाठी डॅनिएल पोप यांचं पायगेम झीरो, ते २०१५मध्ये शिकवण्यासाठीच निघालं. लॅबला इंटरनेट नसेल तर त्याच्या फायली आधी उतरवून न्याव्यात आणि त्या मशिनवरच्या पायथॉनच्या आवृत्तीशी जुळतात ना हे आदल्या दिवशी बघावं. चित्रांची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि 'इमेजेस' नावाच्याच फोल्डरमध्ये हवीत. आणि कोणीही आपल्या फाइलला टर्टल किंवा रँडम असं नाव द्यायचं नाही. तसं दिलं की पायथॉन खरं मोड्यूल सोडून मुलाचीच फाइल आयात करतो आणि अगम्य एरर देतो. दर बॅचमध्ये निदान एकाचा तास यात जातोच.

आणखी एक कडक नियम: गेम पूर्ण चालेपर्यंत फक्त चौकोन आणि गोल. फ्लेमिंगो, बंदुका, आवाज नंतर. नाहीतर दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला दीड तास गुलाबी रंगाची छटा निवडण्यात जातो.

तिसरा गेम चेंडू-फळीचा, अटारीने १९७२मध्ये बाजारात आणलेल्या पाँगचा एका खेळाडूचा अवतार. डावीकडे फळी, चेंडू दर फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला) ५ पिक्सेल सरकतो, फळीला लागला की आडव्या वेगाचं चिन्ह उलटं. पहिला गोंधळ अक्षांचा. गणिताच्या आलेखात वर गेलं की वाय वाढतो, टर्टल आणि स्क्रॅचमध्येही तसंच, पण पायगेममध्ये शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढतो. कारण पडदा वरून खाली ओळीओळीने भरण्याची जुनी रीत. हे सांगितलं नाही तर मुलं गणितावरचा विश्वास उडवून बसतात. दुसरा गोंधळ, फंक्शनमध्ये गुण वाढवताना 'ग्लोबल' (बाहेरचंच व्हेरिएबल वापर, ही सूचना) न लिहिल्याने येणारी एरर, ती सगळ्यांनाच येते. तिसरा, आधीचं चित्र न पुसल्याने चेंडूमागे रेघोटी उमटते, आणि काही जण ती मुद्दाम ठेवतात, बरी दिसते म्हणून.

पण या गेमचं रत्न म्हणजे चिकटणारा चेंडू. चेंडू फळीच्या मध्यावर आपटला तर छान उडतो. कोपऱ्यावर आला, किंवा फळीच वेगाने खालून येऊन त्याच्यावर चढली, तर तो तिथेच थरथरत राहतो. नेहमी नाही, कधीतरी. 'सर, मगाशी होत होतं, आता होत नाही' हे वाक्य इथूनच येतं. कारण कागदावर काढलं की स्वच्छ दिसतं. समोरून आलेला चेंडू फळीत जास्तीत जास्त ५ पिक्सेल घुसतो, चिन्ह उलटलं की पुढच्या फ्रेममध्ये बाहेर. पण बाजूने आलेला समजा ८ पिक्सेल आत आहे. चिन्ह उलटलं, ५ बाहेर आला, ३ अजून आतच. टक्कर अजून आहेच, म्हणून चिन्ह पुन्हा उलटलं, पुन्हा ८. असं ८, ३, ८, ३. उपाय एका शब्दाचा आहे: चिन्ह उलटं करू नका, डाव्या फळीला लागला की आडवा वेग नेहमी धनच करा. 'उलटं कर' आणि 'उजवीकडे पाठव' यांतला फरक ज्याला इथे कळला, त्याला पुढे कुठल्याही प्रणालीत 'बदल' आणि 'ठरव' यांची गल्लत सहसा होणार नाही. हे व्याख्यानात सांगून पोहोचत नाही. थरथरणारा चेंडू बघावा लागतो.

त्याच गेममध्ये दर फटक्याला वेग एकाने वाढवायचं सुचवावं. अठराव्या फटक्यानंतर वेग २३ होतो. फळी १२ पिक्सेल जाड, चेंडू १०चा, म्हणजे २२हून मोठी उडी मारणारा चेंडू एका फ्रेममध्ये अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये पूर्ण पलीकडे असू शकतो. मधला क्षण कॉम्प्युटरसाठी घडलेलाच नसतो. काळ सलग नाही, तुकड्यांत आहे, हे कळायची ही जागा. आणि कोणी पायगेमचा साधा रेक्ट (चौकोनाची जागा साठवणारा प्रकार) वापरून वेग अर्धा पिक्सेल ठेवला तर तो उजवीकडे हलतच नाही, डावीकडे मात्र पळतो. रेक्ट पूर्णांकच साठवतो: १००.५चे पुन्हा १०० होतात, ९९.५चे ९९.

चौथा गेम साप, १९९७च्या नोकियाच्या फोनमुळे आज पालक झालेल्या पिढीला पाठ असलेला. २० गुणिले २० घरं, दर १५० मिलिसेकंदांनी एक पाऊल. पहिल्या प्रयत्नात मुलं डोकं हलवतात आणि मग दर मणक्याला पुढच्याची जागा देत मागे जातात. साप एका घरात गोळा होतो, कारण पुढचा मणका आधीच हललेला असतो. मागून पुढे यायला हवं होतं. त्याहून शहाणी रीत म्हणजे मधल्या शरीराला हातच लावायचा नाही: पुढे नवं डोकं जोडायचं, मागची शेपटी कापायची, आणि खाऊ मिळाला असेल तर कापायची नाही. लांबी वाढणं इतकं फुकटात होतं हे बघून वर्गात हमखास एक 'अरे!' निघतो.

नंतर हरणारे तक्रार करतात की साप उगाच मरतो. उजवीकडे जाणाऱ्या सापाला डावीकडे वळू द्यायचं नाही, अशी अट त्यांनी घातलेली असते. तरी पटकन वर आणि लगेच डावीकडे दाबलं की साप स्वतःच्या मानेत घुसतो. दोन्ही कळा एकाच पावलात दाबल्या गेल्या. वर दाबल्यावर दिशा 'वर' झाली, तिच्या तुलनेत 'डावीकडे' कायदेशीर, पण साप अजून हललेलाच नव्हता. तुलना शेवटच्या कळीशी न करता शेवटच्या पावलाशी करायला हवी. खाऊ ठेवतानाही एक मुद्दा दडलेला आहे. कुठलंही घर निवडा, सापाने अडवलं असेल तर पुन्हा निवडा, हे साप २०० घरांचा असेपर्यंत ठीक, सरासरी दोन प्रयत्न लागतात. साप ३९० घरांचा झाला की ४०० पैकी दहाच मोकळी आणि सरासरी ४० प्रयत्न. मग मोकळ्या घरांची यादी करून त्यातलं एक उचलणं का बरं, हे वेगळं पटवावं लागत नाही.

सेमिस्टरमध्ये साधारण बारा आठवडे, आठवड्याला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल धरलं तर वाटणी अशी बसते: आकड्याला दोन, साप-शिडीला तीन, चेंडूला तीन, सापाला चार. वीस मुलांच्या बॅचला दहा मशिन पुरतात, किंबहुना दहाच बरी. दोघांत एक की-बोर्ड आणि दर पंधरा मिनिटांनी तो दुसऱ्याच्या हातात. अशी सक्ती नसेल तर ज्याच्या घरी गेमिंगचा पीसी आहे तो टाइप करतो आणि दुसरा, बहुधा दुसरी, बघत बसते.

गेम आणले की वर्गातले काही जण बाजूला पडतात, हा पहिला आक्षेप खरा आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. सगळ्यांना गेम आवडत नाहीत, आणि गोळीबाराचे गेम वर्गात आणले की वर्ग दोन तुकड्यांत विभागतो. म्हणूनच साप-शिडी. शिवाय गेम हा एकच संदर्भ नव्हे. जॉर्जिया टेकमध्ये मार्क गझ्डिअल यांनी २००३पासून चित्रं आणि ध्वनी हाताळत पहिलं प्रोग्रॅमिंग शिकवलं, तेही याच कारणासाठी: फोटो चुकून हिरवा झाला तर तो दिसतो. इथल्या मुलांना ट्रान्स-हार्बरचं कोडं देता येईल. ठाण्याहून निघालेली लोकल तुर्भ्यापर्यंत एकच, पुढे एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. कुठे जायचंय ते विचारा, कुठली गाडी पकडायची ते सांगा. नेरूळला जाणाऱ्याला प्रोग्रॅमने वाशीत उतरवलं, तर कोपरखैरण्याची मुलगी त्याला माफ करणार नाही. कसोटी तीच, नियम आधीच माहीत असण्याची.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. अकरावी-बारावीच्या सीबीएसईला पायथॉन, आयसीएसईला जावा, इंजिनिअरिंगला सी, गेम कुठे बसवायचा? बसतो. आयसीएसईच्या शाळा ज्या ब्लूजे या एडिटरमध्ये जावा शिकवतात, तो बनवणाऱ्या मायकेल कोलिंग यांच्याच गटाने गेम आणि सिम्युलेशनसाठी ग्रीनफूट काढलंय. सीमध्ये पहिले दोन गेम जसेच्या तसे होतात, चित्रं हवीच असतील तर रेलिब नावाची साधी लायब्ररी आहे, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच्या ग्राफिक्सच्या नादी लागू नये. लूप, अ‍ॅरे, फंक्शन हे अभ्यासक्रमाचे शब्द आहेत, त्यांवरचा दाखला कुठला घ्यायचा हे बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्याच्या हातात असतं. साप-शिडीचा खेळाडू म्हणजे नाव, घर आणि दानांची संख्या यांचं स्ट्रक्चर. सर्वाधिक गुण साठवले की फाइल हँडलिंग झालं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक जास्तीची सोय. पायथॉन ३मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात: गुण, डोकं, शेपटी. खेळणाऱ्याने अंदाज ५० असा देवनागरीत टाइप केला तरी इंट तो ओळखतो. कोडात लिहिलेले आकडे मात्र इंग्रजीच लागतात. काही की-बोर्ड जोडाक्षरांत न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि त्यावर पायथॉन अडतो, तेव्हा नावं साधी ठेवावीत. पहिल्या महिन्यापुरता हा आधार पुरे.

तिसरा आक्षेप आजचा आणि सगळ्यात वजनदार. चॅटबॉटला 'सापाचा गेम दे' म्हटलं की तो काही सेकंदांत चालू गेम देतो. मग मुलांकडून का लिहून घ्यायचा? आणि लिहून आणला तरी कोणाचा, हे कसं कळणार? जुन्या पद्धतीच्या जर्नलला यावर उत्तर नाही, तिथे झेरॉक्सच्या जागी चॅटबॉट आला इतकंच. गेमला आहे, कारण गेम मोडून देता येतो. चाळीस ओळींचा छापील कोड, त्यात पेरलेल्या तीन चुका, पहिली वीस मिनिटं मशिन बंद. हा चालवला तर पडद्यावर काय होईल ते लिहा. मग चालवा आणि अंदाज कुठे चुकला ते लिहा. मग दुरुस्त करा. ब्रिटनमध्ये स्यू सेंटन्स यांनी मांडलेली प्रिम ही पद्धत साधारण याच वाटेने जाते: आधी भाकीत, मग चालवणं, तपासणं, बदलणं आणि सगळ्यात शेवटी नवं बनवणं. जर्नलमध्ये प्रिंटआउटऐवजी चार वाक्यं यावीत: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, काय बदललं.

व्हायवाही बदलायला हवा. 'व्हाइल आणि डू-व्हाइलमधला फरक सांगा' याचं उत्तर गाइडमध्ये आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याचाच गेम उघडून एक नवा नियम द्यावा: सापाने भिंतीला धडक दिली तर मरू नये, समोरच्या भिंतीतून निघावं. कोड लिहायला लावू नये, कुठल्या ओळीला हात लावशील एवढंच विचारावं. माणशी चार मिनिटं धरली तर वीस जणांचे ऐंशी मिनिटांत होतात, प्रॅक्टिकलच्या दोन तासांत बसतात. गेम चॅटबॉटने लिहिलेला असला तरी हरकत नाही. ओळ दाखवता आली तर त्याने तो वाचलाय.

याचे तोटेही आहेत. गेम बनवणारी मुलं ग्लोबल व्हेरिएबलची सवय लावून घेतात, एकाच फंक्शनमध्ये दोनशे ओळी कोंबतात, आणि पडद्यावर ठीक दिसतंय म्हणजे ठीक आहे असं मानू लागतात. चूक दिसते हा गुण उलटूनही येतो: जी दिसत नाही ती नाहीच असं वाटतं. म्हणून चौथ्या गेमच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला नवं काही करू नये. सापाचं एक पाऊल वेगळ्या फंक्शनमध्ये काढायचं, खिडकी न उघडता त्याला हाताने स्थिती द्यायची आणि उत्तर तपासायचं: तीन घरांचा साप, समोर खाऊ, एका पावलानंतर लांबी चार आहे का. त्यानंतर त्याच बॅचला तेराच्या फॅक्टोरिअलचा प्रोग्रॅम द्यावा आणि या उत्तरावर विश्वास ठेवायचा का, एवढंच विचारावं.